कळला नाही, असं म्हणायला लाज कशाची?

२००९ च्या उन्हाळ्यात लातूरला मावशीच्या घरी आम्ही चौघांनी एक सिनेमा पाहिला आणि त्यावरून रात्री दीड वाजेपर्यंत भांडलो. माझा मित्र शिक्षक. तो म्हणाला, असा सिनेमा मी जन्मात पाहिला नाही. मावसभाऊ तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. तो म्हणाला, अडीच तास मातीत गेले. त्यावर मित्रानं त्याला सुनावलं, "तुझी तेवढी कुवतच नाही."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हाही खटकलं होतं. आज लिहायला बसलोय ते त्याच वाक्यासाठी. संथ, स्वप्नासारख्या, सरळ गोष्ट न सांगणाऱ्या सिनेमाविषयी कुठंही बोलणं निघालं की हीच दोन वाक्यं समोरासमोर येतात. एक म्हणतो वेळ वाया गेला, दुसरा म्हणतो तुला अक्कल नाही. मग बोलणं संपतं आणि सिनेमा बाजूलाच राहतो.

सिनेमा होता अमेरिकी दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांचा 'मलहॉलंड ड्राइव्ह', २००१ सालचा. मित्रानं पुण्याहून डीव्हीडी आणली होती. रात्रीच्या रस्त्यावर एका मोटारीला अपघात होतो आणि तिच्यातली बाई वाचते, पण स्वतःचं नाव विसरते. ती एका घरात आसऱ्याला शिरते. त्याच घरात हॉलिवूडमध्ये नटी व्हायला आलेली एक हसरी मुलगी उतरलेली असते. दोघी मिळून हरवलेल्या नावाचा माग काढायला निघतात. इथवर कुणालाही आवडेल अशी गोष्ट आहे. शेवटच्या अर्ध्या तासात मात्र सगळं उलटंपालटं होतं. त्याच नट्या वेगळ्या नावांनी समोर येतात, नाती बदलतात, आधी पाहिलेलं खरं की आता पाहतोय ते खरं, हेच कळेनासं होतं. सिनेमा संपतो आणि सांगत काहीच नाही.

आम्ही तो कसा पाहिला हेही सांगायला हवं, कारण माझ्या मते अर्धं भांडण तिथंच आहे. भारनियमनाचे दिवस. नऊला लाईट येणार म्हणून साडेनऊला बसलो. बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि टीव्हीशेजारी कूलर. कूलर बंद केला की जीव घाबरा व्हायचा, चालू ठेवला की सिनेमातली कुजबुज ऐकू येत नसे. या सिनेमात आवाजाला फार मोल आहे. रिकाम्या खोलीतही खालच्या पट्टीत एक घुमणारा आवाज चालू असतो आणि भीती सगळी त्या आवाजात आहे. ध्वनीची रचना लिंच यांनी स्वतः केलेली. आमच्यापर्यंत पोचली ती कूलरची घरघर. साडेदहाच्या सुमारास नळाला पाणी आलं. लातूरच्या माणसाला पुढचं सांगायला नको. सिनेमा थांबवला, सगळे उठले, टाकी, हौद, बादल्या, पातेली भरली. परत येऊन बसायला पाऊण तास गेला आणि तोवर कोण कुणाला शोधत होतं हे निम्मं विसरलं होतं.

अशा पाहण्यावरून मावसभाऊ "वेळ वाया गेला" म्हणाला, तर त्याची कुवत काढायची?

या सिनेमाची जन्मकथा याच मुद्द्यावर बोट ठेवते. तो मुळात सिनेमा नव्हता. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एबीसी या वाहिनीसाठी मालिकेचा पहिला भाग म्हणून त्याचं चित्रीकरण झालं आणि वाहिनीनं तो नाकारला. लिंच यांनी पुढं सांगितलं आहे की वाहिनीच्या ज्या अधिकाऱ्यानं तो पाहिला, त्यानं सकाळी सहा वाजता, खोलीच्या दुसऱ्या टोकाला टीव्ही ठेवून, कॉफी पीत आणि फोन करत पाहिला. त्याला तो कंटाळवाणा वाटला. पुढं फ्रान्समधून पैसा उभा राहिला, नवा भाग चित्रित झाला आणि त्याच तुकड्यांचा सिनेमा झाला. २००१ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार लिंच यांना जोएल कोएन यांच्याबरोबर विभागून मिळाला. २०१६ मध्ये बीबीसीनं ३६ देशांतल्या १७७ समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा एकविसाव्या शतकातला सर्वोत्तम सिनेमा म्हणून हाच पहिला आला.

कॉफी पीत, फोन करत बघणाऱ्या अधिकाऱ्याला आपण नावं ठेवू. पण घरी सिनेमा पाहणारे आपण सगळे त्याच खोलीत बसलेलो असतो. आता तर फोन हातातच असतो आणि सिनेमाही फोनवरच. काही ॲपांवर दीडपट वेगानं बघायची सोय आहे. मुलं ती वापरतात आणि मग म्हणतात, स्लो होता.

लिंच यांना हे आधीच दिसलं असावं. 'मलहॉलंड ड्राइव्ह'च्या डीव्हीडीवर प्रसंगावरून प्रसंगावर उडी मारायचे चॅप्टर ठेवू दिले नव्हते. बटण दाबून पुढच्या प्रकरणावर जायचं म्हटलं तर प्रकरणंच नाहीत. थिएटरमध्ये खुर्चीला जखडलेल्या माणसाची शिस्त घरात आणायचा तो प्रयत्न होता. मला तो आवडतो. पण त्याच डीव्हीडीच्या डबीत एक कागदही होता, या 'थ्रिलर'चं कुलूप उघडायच्या दहा खुणा सांगणारा. सुरुवातीकडे नीट लक्ष द्या, नावं येण्याआधीच निदान दोन खुणा आहेत. लाल लॅम्पशेड कुठं कुठं दिसते ते बघा. असं पुढं. म्हणजे एका हातानं प्रेक्षकाला सांगायचं की उड्या मारू नको, स्वप्नात बुडून जा, आणि दुसऱ्या हातानं त्याला शब्दकोडं द्यायचं. मावसभावानं तो कागद सिनेमा संपल्यावर तीनदा वाचला. त्यानंतर तो जास्तच चिडला. मला वाटतं, त्याचं बरोबर होतं. कोडं म्हणून दिलं असेल तर उत्तर मागायचा त्याला हक्क आहे.

मराठीत आपल्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. रहस्यकथा आणि गूढकथा. दिवाळी अंक वाचत वाढलेल्या कुणालाही यातला फरक शिकवावा लागत नाही. रहस्य उलगडतं. खून कुणी केला हे शेवटच्या पानावर कळलं नाही तर वाचक फसवला गेला, त्यानं तक्रार करावी. गूढ उलगडत नाही. त्यात जे आहे ते शेवटच्या पानानंतर सुरू होतं, रात्री पाणी प्यायला उठल्यावर अंधाऱ्या स्वयंपाकघरात. डबीवर आणि जाहिरातीत सगळ्यालाच 'थ्रिलर' म्हटलं की हा फरक पुसला जातो. रहस्यपट समजून भाड्यानं नेलेला सिनेमा गूढपट निघाला, तर नेणाऱ्याचा संताप खोटा नाही. त्याला ज्वारी सांगून मका विकला. मका वाईट असतो असं नाही, पण भाकरीची तयारी करून बसलेल्या माणसाला तुला मक्याची चव नाही असं म्हणणं हा अन्याय आहे.

माझा मुद्दा एवढाच आहे की या दोन गटांतली रेषा हुशार आणि मठ्ठ अशी पडत नाही. काय सांगून हातात दिलं आणि कसं बघायला मिळालं, यावर ती जास्त पडते. आणि उरलेला जो खरा रुचीचा फरक असतो, तो दोन्ही बाजूंनी ऐकण्यासारखा असतो.

मावसभावाचंच बघा. अपघाताच्या जागी सुरुवातीला दोन पोलीस अधिकारी येतात, काहीतरी महत्त्वाचं पाहिल्यासारखं बोलतात. नंतर ते संपूर्ण सिनेमात दिसत नाहीत. "ते पोलीस कुठं गेले?" हा त्याचा पहिला प्रश्न. मित्रानं त्याला लंबंचवडं उत्तर दिलं, स्वप्नात पोलीस म्हणजे मनातली अपराधाची भावना, ती दाबली जाते, वगैरे. उत्तर ऐकायला छान होतं. पण साधी गोष्ट अशी, की हा मालिकेचा पहिला भाग होता आणि मालिका पुढं चालली असती तर त्या पोलिसांचं काम निघालं असतं. मालिका बंद पडली, पोलीस तसेच राहिले. सिनेमा नावडलेल्या माणसाच्या नजरेला एक खरी शिवण दिसली होती. आवडलेल्या माणसानं तिच्यावर वेलबुट्टी काढली. सिनेमा आवडणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, हे कबूल करायला हवं की आपण कित्येकदा दिग्दर्शकाची वकिली करतो आणि तिलाच रसिकता समजतो.

संथपणा हा आपोआप गुण होत नाही, हेही सांगून टाकतो. भिंतीकडे पाच मिनिटं बघायला लावणारे आळशी सिनेमे मी पुष्कळ पाहिलेत आणि त्यांच्याबद्दल हळू आवाजात आदरानं बोलणारी माणसंही पाहिलीत. फरक कुठं पडतो ते याच सिनेमातल्या एका प्रसंगात दिसतं.

एका उपाहारगृहात दोन माणसं बसलीत. लख्ख ऊन. एकजण दुसऱ्याला आपलं स्वप्न सांगतो, दोनदा पडलेलं. याच जागेचं. या इमारतीच्या मागं कुणीतरी आहे, त्याचा चेहरा मला स्वप्नाबाहेर कधी दिसू नये, असं तो म्हणतो. बोलताना त्याच्या तोंडावर घाम येतो, तो कसनुसं हसतो. कॅमेरा स्थिर नाही, पाण्यावर तरंगावा तसा किंचित हलत राहतो. मग दोघं उठतात, बाहेर येतात, पायऱ्या उतरून इमारतीच्या मागच्या कोपऱ्याकडं चालायला लागतात. हळूहळू. काय होणार ते आपल्याला शब्दन् शब्द सांगून झालंय. लपवलेलं काहीच नाही. तरी त्या भिंतीच्या कोपऱ्याकडं जाताना आमच्या खोलीत कुणी हललं नाही. तो चेहरा भिंतीआडून बाहेर आला तेव्हा मावसभावानं, हो, त्याच मावसभावानं, माझं मनगट घट्ट धरलं. हाच प्रसंग दीडपट वेगानं पाहा. दोन माणसं चालत गेली आणि एक घाबरून पडला, एवढंच दिसेल. इथं वेळ हेच द्रव्य आहे, भाकरीत पीठ असतं तसं.

आता मावशीची गोष्ट. तिला इंग्रजी येत नाही. मी मधूनमधून सांगत होतो. पाणी भरून झाल्यावर ती परत बसली होती, पण त्या दोघींची जवळीक सुरू होतेय असं दिसताच "गच्चीवर अंथरुणं घालून येते" म्हणून उठली. आपल्या घरांत मोठी माणसं अशीच उठतात, आणि हाही घरी बघण्याचा एक भाग आहे. ती खाली आली तेव्हा दोघी मध्यरात्रीच्या एका नाट्यगृहात बसल्या होत्या. रंगमंचावरचा माणूस पुन्हा पुन्हा सांगत असतो की इथं वाद्यवृंद नाही, हे सगळं टेप केलेलं आहे. मग एक बाई येते, स्पॅनिशमध्ये गाते, जीव ओतून गाते. प्रेक्षकांतल्या त्या दोघी रडायला लागतात. गाता गाता ती गाणारी कोसळते. गाणं चालूच राहतं.

स्पॅनिश आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. त्या पाच-सात मिनिटांत चौघं अगदी सारखे अडाणी होतो. मी काही सांगू शकलो नाही. मावशी म्हणाली, "बाई पडली तरी गाणं चालूच हाय की रे. अंगावर काटा येऊलालाय." मग थोड्या वेळानं, टीव्हीकडं बघतच, "तुझ्या काकांची पण कॅसेट हाय. आवाज येतोय, माणूस न्हाई." काका जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ते भजनात गायचे आणि कुणीतरी एका सप्ताहात त्यांचं गाणं टेप केलं होतं.

या प्रसंगावर मी पुढं बरंच वाचलं. मावशीनं बोट ठेवलं त्या जागेपासून फार लांब कुणी गेलेलं नाही. पण तिला सिनेमा आवडला असं मात्र कुणी समजू नये. संपल्यावर ती स्पष्ट म्हणाली, "असला पुन्हा लावू नको बाबा." तिचं ते मतही मी तितकंच खरं मानतो. तिला प्रसंग कळला, सिनेमा आवडला नाही. मित्राला सिनेमा आवडला, पोलिसांचं कळलं नाही. कळणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण भांडताना त्यांची गल्लत करतो आणि जो म्हणतो आवडला नाही त्याला न कळलेल्यांच्या रांगेत नेऊन बसवतो.

आमच्या भागात न कळणारं ऐकायची सवय नाही, असंही कुणी म्हणू नये. मराठवाड्यात सप्ताह होत नाही असं गाव सापडणं कठीण. तिथं कीर्तनकार उभा राहतो आणि मुक्ताबाईंचा अभंग घेतो, 'मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी'. मंडपात शेतकरी बसलेत, शाळकरी पोरं बसलीत, म्हाताऱ्या डुलक्या घेतायत. मुंगी सूर्य कशी गिळेल, असं विचारून कुणी उठून जात नाही. ती ओळ ऐकताना आधी डोळ्यांपुढं ती मुंगी दिसते. ज्ञानेश्वर-मुक्ताबाई ही भावंडं पैठणजवळच्या आपेगावची, आमच्याच गोदाकाठची. शेकडो वर्षं ही कूट रचना इथल्या कानांवर पडते आहे.

यावर कुणी म्हणेल, कीर्तनकार पुढं निरूपण करतो, मुंगी म्हणजे काय ते सांगतो, सिनेमा सांगत नाही. आक्षेप रास्त आहे. मग निरूपणाची सोय कुठं आहे, हा खरा प्रश्न ठरतो. आज ती मोबाइलवर आहे. सिनेमा संपता संपता 'शेवटाचा अर्थ' सांगणारे व्हिडिओ समोर येतात. बारा मिनिटांत सगळं, निळी चावी म्हणजे हे, निळी पेटी म्हणजे ते. पण कीर्तनातलं निरूपण आणि हे, यात अंतर आहे. या वर्षीचा कीर्तनकार मुंगीचा एक अर्थ सांगतो, पुढच्या वर्षीचा दुसरा, आणि घरी जाताना बैलगाडीत किंवा मोटारसायकलवर माणसं त्यावर आपलं काहीतरी बोलतात. अभंग तसाच शाबूत राहतो. व्हिडिओ उत्तर देऊन सिनेमाला टाळं लावतो, आणि तो माणूस ऐकतो एकटाच, कानात वायर घालून. शिवाय ते पाहून आलेला माणूस पुढच्या भांडणात न कळलेल्याला जास्तच तुच्छ लेखतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

म्हणून मला हा प्रश्न एकेकट्याच्या आवडीनिवडीचा वाटत नाही. सोबतीनं, न थांबवता सिनेमा बघायची आणि नंतर बोलायची जागा आमच्याकडं कुठं आहे, हा सार्वजनिक प्रश्न आहे. छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो, चांगला होतो. पण तो वर्षातले मोजके दिवस, आणि किनवटच्या किंवा उमरग्याच्या पोरीला तिथं जाऊन राहणं परवडायला हवं. चित्रपट रसास्वादाचं शिबिर पुण्याला. तालुक्याच्या कितीतरी टॉकीज बंद होऊन तिथं मंगल कार्यालयं नाहीतर गोदामं झाली. जो तो घरी बघतो, जो तो फोनवर तारे देतो, एक किंवा पाच. दोन, तीन, साडेतीन असं मनात जे खरं असतं ते बोलायला समोर माणूस लागतो.

जागा मात्र आहेत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं आमच्या जिल्ह्यांत गावोगाव आहेत. त्यांतल्या तालुक्याच्या बऱ्याच वाचनालयांना छोटं का होईना सभागृह असतं. वर्षभरात तिथं दोन व्याख्यानं आणि एक सत्कार होतो, उरलेले दिवस खुर्च्या एकावर एक रचलेल्या. महिन्यातून एका शनिवारी, सिनेमा दाखवायच्या हक्कांची रीतसर परवानगी घेऊन, पडदा लावायला कितीसा खर्च येतो? मुलांसाठी नसलेला सिनेमा असेल तर तसं दारावर लिहावं. पत्रिकेवर 'थरारपट' छापू नये, 'गूढपट' छापावं आणि खाली एक ओळ लिहावी, यात शेवटी उत्तर मिळत नाही. ज्याला उत्तर हवंय तो येणार नाही आणि त्यात त्याचा काही कमीपणा नाही.

आम्ही लातूरला असा एक शनिवार ठरवतो आहोत. मित्र आता उदगीरला मुख्याध्यापक आहे, तो येणार आहे. चर्चेचा एकच नियम मी धरून बसलोय, की पहिल्यांदा बोलायचं ते ज्यांना सिनेमा आवडला नाही त्यांनी. त्यांचं बोलून होईपर्यंत आवडलेल्यांनी गप्प बसायचं, मध्ये अर्थ सांगायचा नाही. मित्राला हे अजून पटलेलं नाही. मावसभावाला फोन केला तर तो म्हणाला, "दादा, पहिला नंबर माझा, मला ते पोलिसांचं विचारायचंय." तारीख फक्त पक्की व्हायची आहे. नळाला पाणी यायचा वार सोडून ती धरायची आहे.